तेरडा गळेपर्यंत

माझी बायको माहेरी अडकली होती आणि तिला अडकवून ठेवणारा तेरडा होता. हसू नका. माणसानं अडवलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. सासऱ्यानं अडवलं असतं तर चार माणसं बसवून निवाडा केला असता. फुलाची गचांडी कुठं असते? मी मनोहरलाल, घरची दोन नांगरांची शेती, माझा आवाज ऐकून शेजारच्या गावचे बैल बिचकतात. आणि तो मी, दिवाळी उलटून गेली तरी, सासऱ्याच्या घरामागच्या वाडीच्या कुंपणापाशी उकिडवा बसून एका गुलाबी फुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

गोष्ट छप्पन सालची. माझी सासुरवाडी कवळीटोला, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या खालच्या अंगाला. तिथली रीत अशी, की लेक पोळ्याला माहेरी येते आणि वाडीतला तेरडा पार गळाल्याशिवाय सासरी जात नाही. झाडावर एक जरी फूल असलं तरी लेकीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. आणि ते फूल आपणहून गळलं पाहिजे, तोडायचं काम नाही. का? ते कोणाला माहीत नाही. विचारलं तर म्हातारे तुमच्याकडं असे पाहतात, की याचं डोकं फिरलं काय. एरवी यात काही अडचण नव्हती. तेरडा शहाण्या झाडासारखा वागायचा. श्रावणात फुलला, दसऱ्याच्या आगेमागे वाळला, की लेकी आपापली गाठोडी घेऊन घरी. हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला यायच्या आत बायका सासरी हजर.

घोटाळा केला तो पंचांनी. पूर्वी ज्याच्या त्याच्या वाडीतला तेरडा पाहायचे. मग भांडणं लागली. ह्याचा आधी गळला, त्याचा मागून गळला. ह्यानं मुद्दाम पाणी तोडलं, त्यानं मुद्दाम घातलं. तेव्हा पंच बसले, चिलमी ओढल्या आणि ठरवलं, की साऱ्या गावासाठी एकच वाडी धरायची. ती धरली माझ्या सासऱ्याची, झामसिंग पटल्यांची. कारण त्या वाडीला तलावाचा पाझर लागतो, तिथं पाणी घातलं-तोडलं असं कोणाला म्हणता येत नाही. शिवाय माझी सासू, सुखवंताबाई, इतकी कडक, की वाडीत चिमणीसुद्धा विचारून उतरते. मोठा न्याय केला बाप्पा! एका घरची कटकट होती ती साऱ्या गावाची करून ठेवली.

तर दसरा झाला. मी खांद्यावर गमछा टाकला आणि बायकोला आणायला निघालो. जाऊन पाहतो तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसलेले, आणि तोंड असं, की घरात कोणी आजारी आहे.

"या पाहुणे, बसा. जरासा उशीर आहे."

"कायचा उशीर, मामाजी?"

त्यांनी बोटानं मागची वाडी दाखवली.

मागं गेलो. तेरडा भर जवानीत! गुलाबी, पांढरा, जांभळा, बुडापासून शेंड्यापर्यंत लगडलेला. बाजूचा गुलबास म्हातारा झाला होता. दोडक्याची पानं पिवळी पडली होती, वाल कुंपणावर चढून शेंगेवर आला होता. सकाळी गवतावर दव पडायला लागलं होतं. साऱ्या वाडीला कळलं होतं, की पाऊस गेला, आता थंडी येणार. तेरड्यालाच तेवढं कळलं नव्हतं.

कुंपणापाशी आधीच एकजण बसला होता. तो देवरीकडचा दुधराम, लाकडाच्या ठेकेदाराकडं कामाला. चार बुकं शिकलेला आणि ती कधी विसरू न देणारा. त्याची बायको शामकला ही शेजारच्या घरची लेक. त्यानं माझ्याकडं न पाहताच विचारलं,

"तुमचीबी?"

"होय."

"बसा मंग."

बसलो.

दिवस जात राहिले, जवाई येत राहिले. बाजूच्या गावचे, तिरोड्याकडचे, नदीपलीकडचे. आला की आधी तणतणायचा, मग वाडी पाहायचा, मग आमच्या शेजारी येऊन बसायचा. जावयानं सासुरवाडीत काडी हलवायची नसते, म्हणून कामही नाही. धान कापणारे, मोट हाकणारे आडदांड गडी ओळीनं बसलेले आणि समोर फुलं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, इथं कोणाची तरी पूजा चालली आहे.

आणि जावयाला जेवू घालावं लागतं! पहिल्या हप्त्यात वडे झाले, खीर झाली, कोंबडे झाले. दुसऱ्या हप्त्यात गावात पहाटे कोंबडा आरवेनासा झाला, कारण आरवायला कोणी उरलाच नव्हता. लोक उन्हं अंगावर आल्यावर उठायला लागले. मग वड्यांवरून भातावर आलो, भातावरून पेजेवर. सासू जावयासमोर येत नाही, दाराआडून चौकटीशी बोलते. सुरुवातीला गोड आवाज यायचा, "चौकटी, पाहुण्यायले सांग, ताट वाढलं आहे." पुढं पुढं नुसतं, "चौकटी, आहे ते खा म्हणा." चौकटीलाही आमची लाज वाटायला लागली असावी.

एकदा तिरोड्याकडच्या एका म्हाताऱ्या जवायाला शिंक आली. जोरात आली. आणि समोरचं एक फूल गळून पडलं!

आम्ही नाचलो हो! दुधरामनं मला मिठी मारली. पण गावचे मुख्य पंच उदाराम धावत आले, धोतराचा सोगा सावरत. त्यांनी वाकून फूल पाहिलं, मग म्हाताऱ्याचं नाक पाहिलं.

"हे गळलं का पाडलं?"

"शिंकेनं गळलं जी. शिंक म्हंजे हवाच ना?" दुधराम म्हणाला.

"हवा खरी. पण कोणाच्या नाकातली? जवायाच्या. जवायाले जायची घाई. ही हवा सरळ नाही."

झालं! निकाल लागला. ते फूल दोऱ्यानं पुन्हा फांदीला बांधलं, आणि ते तिथं आपल्या मर्जीनं वाळेपर्यंत झाडावरच आहे असं धरायचं ठरलं. ज्याला पडसं त्यानं वाडीच्या पलीकडच्या अंगाला, वारा उलटा असेल तिकडं बसायचं. मोठमोठाले मिशीवाले गडी नाक दाबून तिकडं जाऊन बसले. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग वाद निघाला, की कळी म्हणजे फूल धरायचं का. दुधरामनं सांगितलं, "पोटातल्या पोराले शाळेत घालता का? नाही ना? मंग कळी म्हंजे फूल नाही."

उदाराम म्हणाले, "मंग घरात पाळणा कायले आणून ठेवता?"

कळ्याही धरल्या.

मग दुधरामनं बकरी आणली. त्याचं म्हणणं, बकरी कोणाची जवाई नाही, तिला जायची घाई नाही, तिनं खाल्लं ते देवानं नेलं. भर दुपारी कुंपणाचा एक काटा बाजूला सरकवून बकरी आत सोडली. त्या बयेनं वाल खाल्ला. दोडक्याचा वेल खाल्ला, पिवळ्या पानांसकट. वाळत घातलेल्या सासूच्या लुगड्याचा काठ खाल्ला. तेरड्यापाशी आली, नाक लावलं, आणि तोंड फिरवून बाहेर येऊन दुधरामजवळ बसली. तीही पाहायला लागली.

"चौकटी," आतून आवाज आला, "माझ्या लुगड्याचं काय, ते पाहुण्यायले इचार."

दिवाळीच्या तोंडावर आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. आम्ही बसल्या जागीच होतो. दुधरामला वाटलं, आता सुटलो. तो उदारामांपुढं जाऊन उभा राहिला. "जुनं राज गेलं जी. जुनी रीतबी गेली."

उदारामांनी चिलीम बाजूला ठेवली. "राज बदललं हे तेरड्याले कोणी सांगतलं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुधरामनं गोंदियाहून आलेला पेपर आणला, डोक्यावर टोपी घातली, आणि कुंपणापाशी उभं राहून साऱ्या झाडांना राज्यबदलाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. आम्हीही उभे राहिलो, सरकारी काम म्हणून. सकाळी पाहतो तर फुलं आणखी वाढलेली. मुंबई राज्य पसंत पडलं असावं.

दिवाळी सासुरवाडीतच झाली. घरून माणूस निरोप घेऊन आला: "धान उभ्या उभ्या वाळून राहिलं, दाणे झडून राहिले, अन् तू फुलं पाहून राहिला? बायको येत नसन तर तू तरी ये." मायचा निरोप. खरं तर त्याच दिवशी निघायला पाहिजे होतं. हलकं धान गेलं म्हणजे पुढं वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. पण मी काही उठलो नाही. का उठलो नाही, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी त्याच्याच अंगावर ओरडलो असतो.

कारण तुलसा. तुलसा म्हणजे माझी बायको.

ती रोज दुपारी वाडीत यायची. बकरीनं शिल्लक ठेवलेल्या वालाच्या वेलाला ज्या काही शेंगा होत्या त्या तोडायची, तण काढायची. ती कुंपणाच्या आत, मी बाहेर. बाकीचे जवाई त्या वेळी जेवून पेंगत असायचे. पहिल्या दिवशी मी दव जास्त पडलं म्हणालो, ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं उदारामांची नक्कल करून दाखवली, सोगा सावरून, नाक तपासत. मी असा हसलो, की पेंगणारे जागे झाले. ही बोलते हे मला माहीत होतं. इतकं बोलते हे नव्हतं. मग मीही बोलायला लागलो. आमचा ढवळा बैल नाल्याचं पाणी दिसलं की कसा रुसून बसतो ते सांगितलं. लहानपणी मी बेडकाला भ्यायचो, चिखलणीच्या वेळी धानाच्या बांधीत उतरायचं म्हटलं की रडायचो, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. धानाच्या देशातला माणूस आणि बेडकाला भितो! ती हसता हसता तेरड्यात बसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हिच्या गालाला हसताना एकाच बाजूला खळी पडते हे मला तेव्हा कळलं.

अशीच एक दुपार. ती वाकून शेंगा तोडत होती, मी सहज तिच्या पायाशी पाहिलं. इतके दिवस फुलं पाहत होतो, झाडं पाहिलीच नव्हती. फुलाला शिव्या देताना बुडाकडं कोण पाहतो? मागची झाडं मांडीएवढी, खोड तांबूस, खालची पानं झडलेली. त्यापुढची गुडघ्याएवढी, त्यापुढची त्याहून लहान, आणि अगदी पुढं, वालाच्या सावलीत, वितीएवढी कोवळी रोपं, त्यांच्यावर नुकत्या कळ्या. मी काही झालं तरी शेतकरी आहे. एका पेरणीचं पीक एका उंचीचं असतं. मरार लोक भाजी अशी पाळीपाळीनं पेरतात, हंगामभर बाजारात माल येत राहावा म्हणून.

"अवं, हे एका पेरणीचं नाही," मी म्हटलं.

ती शेंगा तोडतच राहिली. "कोणतं?"

"हा तेरडा. मागचा आखाडातला असन. पण हा पुढचा? हा कोणी तरी पाळीनं पेरला."

"मायनं पेरला असन."

"माय कायले पेरन?"

तिनं शेंगा ओट्यात टाकल्या. माझ्याकडं पाहिलं नाही. "मी पेरला. पोळ्याले आली तेव्हापासून. माय-बाबा बाजाराले गेले, का एक वाफा."

खोटं कशाला सांगू, राग मागून आला, आधी भीतीच आली. हिला यायचंच नाही. ही माझ्याकडं यायचं टाळते आहे आणि मी येड्यासारखा रोज हिच्याशी हसतो आहे.

"तुले यायचं नाही तर सरळ सांग ना!" माझा आवाज चढला. "कायले साऱ्या गावाले धरून ठेवलं? कोणी मारलं तुले? माझी माय बोलली काही?"

"कोणी काही बोललं नाही."

"मंग?"

"तेच तर सांगून राहिली. तुमच्या घरी कोणी काही बोलत नाही." आता ती माझ्याकडं पाहत होती. "दिवसा तुम्ही माझ्याशी बोलत नाही. ओसरीवर तुमचे बाबा असतात, भाऊ असतात, चुलीपाशी तुमची माय असते. तुम्ही एकदा खाकरता, मी पाणी आणतो. दोनदा खाकरता, मी ताट वाढतो. वाटेनं तुम्ही पुढं, मी मागं, तुमच्या पाठीवरचा गमछा पाहत. रात्री थकून येता अन् घोरता. तीन वर्षांत मले तुमचा गमछा माहीत झाला. तुम्ही नाही झाले."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. नुसती खाकर आली. ती मी गिळली.

"मागच्या साली घ्यायले आले, तेव्हा एक फूल उरलं होतं. एक दिवस थांबावं लागलं तुमाले. त्या दिवशी तुम्ही इथंच उभं राहून मले इचारलं, 'यंदा वाल चांगला आला का?' आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"तेवढं मी वर्षभर पुरवलं," ती म्हणाली. "मंग म्हटलं, एका फुलाले एक दिवस, तं जास्त पेरून पाहू. मले तुम्ही आवडता. बोलत असले म्हंजे."

असं कोणी कोणाला तोंडावर म्हणतं का? आमच्या सात गावांत कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझे कान तापले. मला राग आला, पण तिचा नाही आला. पंचांचा आला, तेरड्याचा आला, माझ्या खाकरण्याचा तर इतका आला, की स्वतःचाच गळा धरावा.

"धान झडून राहिलं," मी म्हटलं.

"माहीत आहे." आणि ती रडायला लागली. "म्हणून तं भेव लागून राहिलं. मले काय मालूम, इतका फुलन. चार दिवस जास्त राहाल एवढंच वाटलं होतं. आता हे सारे जवाई बसले, गावातली कोंबडी संपली, अन् हा मेला गळूनच नाही राहिला!"

"घरी चल. तिथं बोलीन तुझ्याशी."

"तिथं नाही बोलत तुम्ही."

"बोलीन म्हटलं ना!"

"हे बोलणं आहे का ओरडणं?"

मी आवाज खाली आणला. "बोलीन. दिवसा. सगळ्यांसमोर."

तिनं पदरानं नाक पुसलं. थोडा विचार केला. बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून पाहतात, तसं तिनं मला पाहिलं. "मंग तुमच्या गावाच्या शिवेपासून घराच्या दारापर्यंत माझ्या बरोबरीनं चाला. मागं-पुढं नाही. बोलत चाला. कोणी असो."

आमच्या गावाच्या मधोमध पार आहे, त्यावर दिवसभर माणसं बसलेली असतात, आणि त्यांना दुसरा धंदा नाही. पण तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मला ते पाहवेना.

"चालीन," मी म्हटलं.

"शपथ?"

"तुझी शपथ."

ती उठली, तेरड्यापाशी गेली, आणि एक फूल सरळ तोडलं.

"अवं! तोडू नको!" मी ओरडलो. पेंगणारे सारे जवाई एकदम उठले. दुधरामच्या हातातून बकरीची दोरी सुटली. तुलसानं ते फूल केसात खोचलं. मग दुसरं तोडलं. तेही खोचलं. दोऱ्यानं बांधलेलं ते शिंकेचं वाळकं फूलसुद्धा तिनं सोडवून घेतलं.

उदाराम आले, मागं बाकीचे पंच, त्यांच्यामागं गाव. उदारामांचा सोगा या वेळी सुटलेलाच होता. "हे का केलं गा पोरीनं! फूल तोडलं! आता कसा निवाडा करावं?"

तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"चौकटी, पंचायले सांग. लेकीनं आपल्या हातानं माळलं, का ते गळलंच. माझ्या आजीच्या वेळेपासून असंच आहे."

उदाराम चौकटीपुढं जाऊन उभे राहिले. त्यांनाही दुसरं कुठं पाहून बोलावं ते कळेना. "मंग बाई, इतके दिवस काऊन नाही सांगतलं?"

आत बांगड्या वाजल्या. "चौकटी, सांग त्यायले. कोणी आमाले इचारलंच नाही."

मग जरा थांबून, हळू आवाजात, "अन् लेक चार दिवस जास्त राहिली तं कोण्या मायले वाईट वाटते?"

उदारामांनी आपली चिलीम उलटी करून झाडली, आणि गावात हाक फिरली. लेकी आल्या. शामकला आली, पळतच आली. मुठीमुठीनं फुलं तोडून केसात, कानात, ओट्यात. बोट लागलं, की पिकल्या शेंगा तडातडा फुटत होत्या आणि बी जवायांच्या तोंडावर उडत होतं. कोण्या एकीनं फक्त एकच फूल घेतलं आणि हातात धरून बराच वेळ उभी राहिली. तिचा नवरा तिला हाका मारत होता, ती वाडीकडं पाहत होती. बाकी बघता बघता तेरडा बोडका झाला. दुधराम बकरीच्या गळ्यात पडून रडला. मामाजींनी मला पहिल्यांदाच हसून रामराम केला, आणि मला वाटतं तो मनापासून होता.

आम्ही निघालो. बांध्यांवरून वाट अरुंद, म्हणून मी पुढं आणि ती मागं, जसं नेहमी. दोन्हीकडं धान पिवळं पडून वाकलेलं. आमच्या गावाची शीव आली. मी थांबलो. ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, केसात ती फुलं, आणि वाट पाहायला लागली.

पाय उचलला. बोलायचं तर काय बोलायचं? सासुरवाडीत इतकं बोलणारी जीभ टाळूला चिकटली. पार दिसायला लागला. पारावरची माणसं दिसायला लागली. त्यांनीही आम्हाला पाहिलं.

"बोला ना," तुलसा म्हणाली.

"हे बकारामचं घर," मी म्हटलं. माझा आवाज, तुम्हाला माहीतच आहे. "हा माणूस इतका चिक्कट आहे, का पाहुणा दिसला का आतून कडी लावते."

बकाराम ओट्यावरच बसला होता. त्याच्या हातातली चिलीम तशीच राहिली.

"हळू," तुलसा म्हणाली, पण ती खळी पडली होती.

"अन् हा पार. इथं हे सारे बसतात. कोणाची बैलजोडी कितीची, कोणाची सून कशी, सारं याह्यले मालूम. आपल्या बांधीत काय चाललं ते मालूम नाही." मला आता थांबता येईना. नळ फुटावा तसं चाललं होतं. पाणी भरून येणाऱ्या बाया वाटेत उभ्या राहिल्या. एकीनं घागर खाली ठेवली. पारावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. त्यानं तसं का केलं ते मला घराच्या दाराशी गेल्यावर कळलं.

कारण आमच्या पुढं कोणीतरी धावत जाऊन घरी सांगितलं होतं, की मनोहर बायकोच्या बरोबरीनं चालून राहिला आणि मोठ्यानं बोलून राहिला. माय तशीच बाहेर आली, हात पिठानं भरलेले. नवरा-बायको असे शेजारी शेजारी बोलत येताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिला एवढंच समजलं, की काहीतरी भयंकर झालं आहे.

"काय झालं रे बाप्पा! कोण गेलं?" आणि तिनं छाती पिटायला सुरुवात केली. "झामसिंग गेला का? का सुखवंता गेली माझी!" शेजारच्या बायांनी लगेच सूर धरला. बाबा ओसरीवरून उठले, भाऊ गोठ्यातून आला. रडणं सुरू झालं होतं, मेलं कोण ते मागून ठरणार होतं.

मी आजवर घरात हिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडं कोणी घेत नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. बाबा समोर उभे होते, माय समोर उभी होती, मागं सारं गाव होतं.

"कोणी गेलं नाही, माय," मी म्हटलं. "तुलसा आली."

रडणं एकदम थांबलं. मायचे पिठाचे हात तसेच छातीवर राहिले. बाबा खाकरले; पाणी आणायला कोणी गेलं नाही. माझा चेहरा तापून लाल झाला होता, आणि मला वाटलं, की आता जमीन दुभंगावी.

तुलसा माझ्याकडं वळली. पदर डोक्यावरून मागं सरकला होता, तो तिनं पुढं ओढला नाही.

"अजून एकदा म्हणा," ती म्हणाली.

मी म्हटलं.